डोह आणि चढण : गोदा-मांजरेचे मासे

नदी म्हटली म्हणजे डोळ्यांपुढें घाट येतो, देऊळ येतें, उसाचा मळा येतो. मासा येतो तो बहुधा बाजारांतल्या पाटींतला. नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांतल्या नद्यांची खरी अवस्था मात्र माशांच्या मुक्कामांवरूनच अधिक चांगली कळते.

मांजरा बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुक्यांत बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते, लातूर जिल्ह्यांतून पूर्वेस जाते आणि कर्नाटक व तेलंगण ह्यांतून वळसा घेऊन कंदकुर्तीपाशीं गोदावरीस मिळते. कठीण खडकावर ती उथळ खळाळते. ठिसूळ जागीं खोल डोह कोरते. उन्हाळ्यांत धार तुटली कीं नदी म्हणून उरते ती ह्या डोहांची माळ. चैत्र-वैशाखांत डोहांत जें जगून राहतें, तेंच पुढील वर्षाचें बियाणें.

ह्या कामीं मरळ मासा सर्वांत चिवट. कल्ल्यांच्या वरच्या बाजूस त्याच्या डोक्यांत एक पोकळी असते. पृष्ठभागावर येऊन घेतलेली हवा तो तींत घेतो. त्यामुळें पाणी तापलें, गढूळलें, प्राणवायु कमी झाला, तरी तो तग धरतो. उलट, त्याला वर येऊंच दिलें नाहीं, तर मासा असूनहि तो पाण्यांत गुदमरतो! पाणवनस्पतींत जागा करून नर-मादी अंड्यांची आणि मग तांबूस पिलांच्या थव्याची राखण करतात. ऐन विणींत राखणदार गळाला लागला, तर एक मासा जात नाहीं, सबंध थवा जातो.

वाम ही लांब, काटेरी पाठीची. दिवसां ती कपारींत वा वाळूंत दडून बसते, रात्रीं भक्ष्यास निघते. वाळू उपसली म्हणजे तिचें घरच उपसलें. उपशानें खड्डे खोल होतात, म्हणजे डोह वाढले, असा युक्तिवाद कांहीं लोक करतात. पण त्या खड्ड्याला कपार नाहीं, वनस्पति नाहीं, उथळ कड नाहीं. त्याला डोह म्हणणें व्यर्थ होय.

एप्रिल २०१६ मध्यें मांजरा धरण कोरडें पडलें आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. शहराकरितां अशी सोय करतां आली. नदींतल्या जिवांना आसरा होता तो डोहांचाच.

आतां दुसरी बाजू. रोहूच्या कुळांतले आपले देशी मासे केवळ डोहावर जगत नाहींत. पहिल्या पुराबरोबर ते प्रवाहाविरुद्ध वर जातात. ह्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतों. बुडालेल्या कांठाच्या उथळ पाण्यांत त्यांची वीण होते. १८३९ सालीं कर्नल साइक्स ह्यांनीं दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां शिंगटी, बोगट, पोटील हीं आपलींच नांवें त्यांनीं शास्त्रीय नांवांत घातलीं. परदेशीं ग्रंथांत तीं अजून टिकून आहेत; आपल्या मुलांना मात्र मासा म्हणजे रोहू आणि कटला एवढेंच ठाऊक.

ह्याचें कारण आहे. १९५७ सालीं ओडिशांत डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनीं पीयूषिका ग्रंथीच्या अर्काची टोचणी देऊन ह्या कुळांतल्या माशांची कृत्रिम वीण घडवून आणली. मोठेंच कार्य तें. त्यामुळें गरिबाच्या ताटांत मासा आला. उत्तरेकडील रोहू, कटला, मृगळ ह्यांचें बीज जलाशयांत सोडणें तेव्हांपासून सोपें झालें. पण जलाशयांतल्या माशांची मोजदाद वाढली, म्हणून नदी सुखी आहे असें समजूं नये. सोडलेलें बीज साठलेल्या पाण्यांत वाढतें. तेथें सहसा वीत नाहीं. देशी माशाला वाहती वाट लागते.

ती वाट नांदेड जिल्ह्यांत बाभळीच्या बंधाऱ्यापाशीं चांगली समजते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाप्रमाणें त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावयाचे असतात. निर्णय दोन राज्यांच्या पाणीवाट्याचा. माशांचा त्यांत प्रश्न नव्हता. तरी हे चार महिने बहुतांशीं विणीचेच! मृगाच्या पहिल्या पुराला, जूनमध्यें, मात्र वाट बंदच राहते. वर नांदेडपाशीं विष्णुपुरीचें धरण आहे. तेथून पुढची चढण त्यानें अडविली आहे.

अहीर नांवाच्या सर्पाकृति माशाची तर ह्याहून कठीण गति. तो जन्मतो समुद्रांत आणि बालपणीं नदीनें वर येतो. वीण करण्यास पुन्हा समुद्रास जातो. त्याच्या वाटेवर १८५२ सालीं पुरा झालेला धवळेश्वरमचा बंधारा आहे, वर पोचमपाडचें श्रीरामसागर धरण आहे, मग बाभळी, मग विष्णुपुरी. एक दार चार महिने उघडलें, तरी बाकीचीं दारें त्याच्यापुढें उभींच असतात.