छत्राची मोजणी आणि वनाची मालकी



डिसेंबर २०१८ मध्ये 'गेडी' हे लेसर-उपकरण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाकडे धाडण्यात आले. त्याने सोडलेला प्रकाश शेंड्यावरून आधी परततो, भुईवरून मागाहून. या अंतरावरून वृक्षांची उंची व छत्राची घनता कळते. या विद्येचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु मोजमाप व्याख्येच्या चाकरीत असते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टराहून मोठ्या जमिनीवर १० टक्के वृक्षछत्र असले की ते वनाच्छादन. मालकी कोणाचीही असो. फळबागाही त्यात आल्या. म्हणजे तुटलेल्या मोहवनाची तूट आपल्या नागपुरी संत्र्याची बागही कागदावर भरून काढू शकते! सरासरी उत्पन्नाचा आकडा दारिद्र्य झाकतो, तोच हा प्रकार.

लेसर मोहाची उंची सांगेल. फुले वेचणारीचा हक्क सांगणार नाही. तो कायद्याने आणि संघटनेनेच मिळतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. नैसर्गिक वन आणि लागवड यांचे आकडे वेगळे मांडून ते अशा प्रत्येक ग्रामसभेपुढे मराठीत ठेवावेत, ही आपली मागणी असली पाहिजे. ज्यांचे जंगल, त्यांच्याच हाती त्याचा हिशेब हवा.