कारकुनाचा मुलगा आणि रत्नागिरीची शाळा
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)



मंडळाची मागची खोली क्लासवाल्यांना भाड्याने देण्याचा ठराव आज सभेपुढे आहे. त्यावर मत देण्याआधी रत्नागिरीच्या एका विद्यार्थ्याविषयी आम्ही थोडे बोलणार आहोत.

आम्ही बँकेतले कारकून, त्यामुळे कारकुनाच्या मुलाची हकीकत आम्हांला जवळची वाटते. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणला झाला. वडील कचेरीत कारकून. १८४७ साली त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि तिथे सरकारी इंग्रजी शाळा होती. बदली दुसरीकडे झाली असती तर? आजही आमच्या घरी बदलीचा कागद आला की पहिला प्रश्न हाच, तिथे मुलांना शाळा कुठली? दहा वर्षांच्या रामकृष्णाला शाळा मिळाली. १८५३ साली तो मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गेला, तिथे दादाभाई नौरोजी शिकवीत होते.

पुढे जगभर ज्यांचे संस्कृतचे नाव झाले, ते भांडारकर संस्कृतकडे वळले विशी उलटल्यावर! शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांनी सुचवले आणि हे पुण्याच्या शास्त्र्यांपुढे बसले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर झाले, ते रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. दोन वर्षांनी भांडारकर हैदराबादला हेडमास्तर झाले (आपले नव्हे, सिंधमधले), आणि लगेच पुढे रत्नागिरीला. म्हणजे जिथे बाकावर बसले, तिथेच हेडमास्तरांच्या खुर्चीवर. याच सुमारास त्यांनी मुलांसाठी संस्कृतची दोन क्रमिक पुस्तके लिहिली. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबांनी ती पाठ केली असतील. कुलगुरुपद, सर ही पदवी, त्यांच्या नावाची पुण्यातली संस्था, हे सगळे आपणांस ठाऊक आहे.

एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. त्या बाकांवर फक्त मुलगे होते. आणि त्या चार पदवीधरांपैकी तिघे, रानडे, मोडक आणि भांडारकर, १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल काढण्यात पुढे होते. तीच आजची हुजूरपागा. स्वतःला मिळालेली शाळा त्यांनी अशी परत केली.

आता खोलीचे. भाड्याने मंडळाच्या जमेत भर पडेल, हे आम्हांला कुणी शिकवायला नको, दिवसभर आम्ही तेच आकडे मांडतो. पण त्या खोलीत दर शनिवारी मराठीचा वर्ग भरतो. क्लासवाल्यांना शनिवार-रविवारच हवा आहे. वर्ग दुसऱ्या दिवशी घ्या म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी मुलांना आणून सोडण्याचीही जबाबदारी घ्यावी.

पटावर सध्या अकरा मुले आहेत, त्यांत सात मुली. आमचे मत ठरावाच्या विरुद्ध नोंदवावे, ही अध्यक्षांना विनंती.