युद्धकथेतून काय गाळलं जातं



अलिबागेतल्या या संमेलनात युद्धाविषयी बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. समोर कुलाबा किल्ला आहे, उत्तरेला खांदेरी-उंदेरी, दक्षिणेला रेवदंडा आणि त्यापलीकडे जंजिरा. या किनाऱ्यावर पोर्तुगीज, सिद्दी, इंग्रज, आंग्रे सगळे झुंजले. आपण त्या लढायांच्या गोष्टी ऐकतच मोठे झालो.

मराठीची विद्यार्थिनी म्हणून मी युद्धाच्या कादंबऱ्या आवडीनं वाचत आले आहे. वर्गात त्यांच्यावर चर्चा सुरू झाली की एक प्रश्न हमखास निघतो, 'हे खरंच असं घडलं होतं का?' मग तारखा ताडून पाहिल्या जातात, बखरी काढल्या जातात, एखादं पात्र कल्पित ठरतं. ही तपासणी व्हायलाच हवी. मात्र मला दुसरा प्रश्न जास्त छळतो. लेखकानं काय गाळलं? कल्पित पात्र आलं म्हणून युद्धकथा खोटी पडत नाही. भूक, भीती, लूट, हरलेल्यांची घरं गाळली की ती खोटी पडते, मग तारखा कितीही बिनचूक असोत.

हे मला शिकवलं ते कादंबरीनं नव्हे, आपल्याच जिल्ह्यातल्या एका भिक्षुकानं. विष्णुभट गोडसे पेण तालुक्यातल्या वरसईचे. घरावर कर्ज होतं. उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेनं १८५७ साली ते काकांबरोबर निघाले आणि थेट बंडात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' आपण झाशीच्या राणीसाठी वाचतो. मी तो पुन्हा पुन्हा वाचते तो झाशी पडल्यानंतरच्या दिवसांसाठी. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज फौज शहरात शिरली तेव्हा हा माणूस घरात दडून बसला होता. शिपाई आत आले की काय मागतात, जीव वाचवण्यासाठी माणूस काय काय काढून देतो, गल्ल्यांत प्रेतं कशी जाळली जातात, हे त्यांनी लिहिलं. त्यात कुठे वीरश्रीचा आव नाही. मिळवलेली दक्षिणा लुटली गेल्याचं दुःखही ते लपवत नाहीत, आणि त्यामुळेच बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसतो.

पुढे काळपीच्या वाटेवर त्यांना राणी भेटते. पराभूत, धुळीनं माखलेली, तहानलेली. गोडसे विहिरीतून पाणी काढायला पुढे होतात, तर ती त्यांना थांबवते आणि स्वतः दोर ओढते. घोड्यावरच्या राणीची चित्रं आपण पुष्कळ पाहिली आहेत. मला ती सगळ्यात जवळची वाटली ती या विहिरीच्या काठावर.

याच गोडश्यांनी ऐकीव गोष्टीही बिनदिक्कत लिहिल्या आहेत. कलकत्त्याला राजेरजवाड्यांची सभा भरवून सरकारनं धर्म बुडवणारी कलमं मांडली, असं शिपायांकडून ऐकलं आणि तसंच्या तसं पुस्तकात घातलं. अशी सभा इतिहासात नाही. तरी ते पान मी खोटं म्हणणार नाही, कारण माणसं कशावर विश्वास ठेवून मरायला तयार झाली होती ते त्या पानाशिवाय कळत नाही.

आता गाळण्याची गोष्ट. हे पुस्तक गोडश्यांच्या पश्चात १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी छापलं. छापताना त्यांनी भाषेवर हात फिरवला, काही मजकूर काढला. परक्या सरकारच्या राज्यात ते छापलं, ही त्यांची हिंमत मी मानते. पण मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. इतकी वर्षं मराठी वाचकाला त्या युद्धाचं नीटनेटकं रूप दिसत राहिलं.

खांदेरीच्या लढाईच्या गोष्टीतूनही असंच काही गाळलं जातं. १६७९ साली शिवाजी महाराजांनी बेटावर तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो रोखायला जहाजं पाठवली. १८ ऑक्टोबरला वल्हवत आलेल्या मराठी गलबतांनी त्यांची 'डव्ह' नावाची गुराब पकडली. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्यावर चालणारी, आपल्या होड्या उथळ पाण्यातून निसटणाऱ्या. रात्री थळच्या बाजूनं बेटावर सामान पोचायचं आणि इंग्रज नुसते पाहत राहायचे. हा विजय वल्ह्यांचा आहे. खांदेरीवर लिहिणाऱ्यानं आरमाराचे सरदार मायनाक भंडारी आणि दौलतखान आणले पण वल्हं मारणाऱ्याचे सोललेले तळवे आणि ओहोटीची वेळ आणली नाही, तर किनाऱ्यावरच्या वाचकाला ते लगेच खटकेल.

एरवी गाळलं जातं ते टिपणारी कादंबरीही मराठीत आहे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये एकही गोळी सुटत नाही. १९३९ सालची ही कादंबरी युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. चक्रधर आणि हॅर्टा, एक मराठी तरुण आणि जर्मनीतून हाकललेली ज्यू तरुणी. तिला मुंबईत उतरता येत नाही. ज्यांना उतरायला बंदर नाही त्यांनाही बेडेकरांनी युद्धात मोजलं, आणि तेही महायुद्धाला तोंड फुटलं त्याच वर्षी.

त्याच महायुद्धात आपल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे इटलीत मारले गेले. तारीख १० जुलै १९४४. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मानपत्रात हकीकत अशी आहे की मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे पडले, घाडगे एकटे धावत गेले, बॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन बंद पाडली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. पण दहा जुलै म्हणजे माणगावात लावणीचे दिवस. त्या सकाळी पळसगावच्या शेतात कोण वाकलं होतं, तार कधी आली, ती कोणी वाचून दाखवली, हे मानपत्रात असणार नाही. ते त्याचं कामच नाही. ते काम कथा लिहिणाऱ्याचं आहे, आणि ते आपण फार कमी केलं आहे.

म्हणून या संमेलनाकडे माझी एक मागणी आहे. महाड, माणगाव, पोलादपूरच्या गावागावांत निवृत्त फौजी आहेत, त्यांच्या आया आणि बायका आहेत. त्यांच्याकडे जा. शौर्याचा प्रसंग विचारू नका, तो ते शंभरदा सांगून चुकले आहेत. सुट्टी संपून गाडीत बसताना काय बोलणं झालं, पत्रात कोणती गोष्ट लिहायची नाही असं ठरलं होतं, परत आल्यावर झोप कशी लागत होती, हे विचारा. सांगणाऱ्याच्या बोलीत उतरवून घ्या, आणि त्यांची परवानगी असेल तेवढंच छापा. पुढच्या संमेलनात भाषणांची एक बैठक कमी करून ती वेळ या टिपणांच्या वाचनाला द्यावी, असा ठराव मी आज मांडते आहे.