घराभोवतीचं पाणी

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस आला, की छत्री घेऊन आपल्या घराला एक प्रदक्षिणा घाला. घरची मंडळी हसतील, हसू द्यात. पाणी कुठून येतं, कुठं थबकतं, कुठं जिरतं, हे त्या पाच मिनिटांत जेवढं कळतं, तेवढं भर उन्हाळ्यात गवंड्याला बोलावूनही कळायचं नाही.

मला हे उशिरा कळलं. कोकणातल्या आमच्या चिऱ्याच्या घराची मागची भिंत दर पावसाळ्यात गुडघाभर ओली होई. गिलाव्याचे पोपडे पडत, आणि त्या खोलीत झोपणाऱ्या आईचा दमा उसळे. आम्ही पैसे खर्चून आतून सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षांत ओल कमरेपर्यंत चढली! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असाच तो प्रकार होता. जांभा दगड सच्छिद्र. पायाशी पाणी साचलं, की दिव्याच्या वातीसारखा तो ते वर ओढतो. आणि सुकायची वाट सिमेंटनं बुजवली, की ओल आणखी वर चढते.

हे पाणी असतं तरी किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरांच्या छपरावर दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि कोकणात त्याचं नवल नाही, तर 10,000 लिटर पाणी पागोळ्यांवाटे जोत्याशेजारीच पडतं. म्हणून आधी पन्हळ लावा, आणि तिचं पाणी नळानं भिंतीपासून निदान दहा फूट दूर सोडा.

मग जमीन. आमच्या परसात वर्षानुवर्षं पालापाचोळा आणि माती साठून जोतं निम्मं गाडलं गेलं होतं. उतार चक्क घराकडे! ती माती काढली. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार बाहेरच्या बाजूला दिला आणि मुरूम धुम्मसानं ठोकून बसवला. उतार डोळ्यांनी ठरवू नका बरं का, डोळे फसवतात. पाणी भरलेली रबरी नळी धरून मोजा.

डोंगरउतारावर घर असेल, तर वरच्या अंगाला आडवा चर खणून येणारं पाणी बाजूला वळवा. चरात खडी आणि सच्छिद्र नळ घालायचा असेल, तर माती आत शिरू नये म्हणून गाळणीचं कापड अंथरा. मात्र भिंतीलगत पायाच्या तळापेक्षा खोल खणू नका. आणि चराचं तोंड ओहोळाकडे असावं, शेजाऱ्याच्या अंगणाकडे नव्हे. त्यातून होणारी भांडणं पिढ्यान् पिढ्या चालतात.

देशावरच्या काळ्या मातीची तऱ्हा निराळी. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते, आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. तिथं शोषखड्डा घराजवळ मुळीच नको. चिकण मातीत पाणी जिरत नाही, पायाशीच मुरत राहतं. घराभोवती तीन-चार फूट रुंद फरसबंदी करा, आणि गळका नळ त्याच दिवशी दुरुस्त करा.

आमची भिंत पुरती वाळायला दोन उन्हाळे लागले. तेवढा धीर धरून मगच आम्ही सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. आईची खाट आता पुन्हा त्याच भिंतीशी आहे.