भूकंप थांबल्यानंतर
३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपानं हादरली आणि आपल्या मराठवाड्यानं हजारो माणसं गमावली. वाचलेल्यांपैकी अनेकांची झोप उडाली, जरा आवाज झाला की छातीत धस्स व्हायचं. असा त्रास महिन्याहून अधिक टिकला, तर तो आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, शंभरातल्या सुमारे चौघांना तो आयुष्यात कधीतरी होतो. बायकांमध्ये प्रमाण जास्त; लैंगिक अत्याचारानंतर तर विशेष. भूकंपच व्हायला हवा असं नाही, छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवरचा अपघातही पुरतो. ‘मन घट्ट कर’ हा सल्ला मात्र कुचकामी! त्यापेक्षा शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा.