तीनदा नाव का विचारतात?

गेल्या महिन्यात आमच्या गटातली एक सून शहरात टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी जाऊन आली. लग्नाला नऊ वर्षं झालीत. गटाचं कर्ज, माहेरची मदत आणि एक म्हैस विकून पैसे उभे केलेत. आल्यावर आम्ही विचारलं, कसं झालं गं? तर म्हणते, "बाकी सगळं बरं होतं, पण दर दाराशी नाव विचारतात. माझं, ह्यांचं, जन्मतारीख. रेशनच्या दुकानातसुद्धा इतकं विचारत नाहीत!" सगळ्या हसल्या. पण विचारलं ते चांगलंच झालं. का, ते आज सांगतो.

हा उपचार आता नवा राहिला नाही. जगातलं पहिलं बाळ १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलं. आपल्या मुंबईत १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून असं बाळ झालं. बाईचं बीज बाहेर काढतात, बशीत नवऱ्याच्या बीजाशी मिळवतात, आणि तयार झालेला गर्भ काही दिवसांनी पिशवीत सोडतात. मधले दिवस तो लॅबमध्ये, अंगाइतक्या उबेच्या पेटीत असतो. बाईचं बीज म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. सगळ्या जोडप्यांची बीजं दिसायला सारखीच. ओळख फक्त बशीवरच्या नावाची.

आणि नावाची चूक कशी होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आमच्या गटात एकाच नावाच्या दोघी आहेत. एकदा एकीचा पाचशेचा हप्ता दुसरीच्या पासबुकात चढला. लिहिणारीने लिहिलं, तपासणारीने सही केली, दोघींनाही दिसलं नाही. रात्रीचे नऊ वाजले होते, घरी भाकऱ्या व्हायच्या होत्या. सही केली, पण वाचलं कुणी? तो हप्ता पुढच्या बैठकीत दुरुस्त झाला. बशीचं तसं नाही. इंग्लंडमध्ये लीड्स शहरात चुकून दुसऱ्याच पुरुषाचं बीज वापरलं गेलं. जुळी झाली, त्यांच्या रंगावरून घोटाळा कळला, आणि २००२ साली ते जगभर गाजलं.

म्हणून लॅबमध्ये दर पायरीला दुसरा माणूस साक्षीला उभा करतात. पण तोही आपलं काम सोडून आलेला, तोही थकलेला. तासन् तास मान वाकवून सूक्ष्मदर्शकात बघायचं, मध्येच मान वळवून कागद वाचायचा, पुन्हा डोळा लावायचा. मान धरते, डोळे चुरचुरतात. त्यात घाई, कारण बशी उबेबाहेर फार वेळ ठेवून चालत नाही. काही मोठ्या केंद्रांत बशीला चिप लावतात. दोन वेगळ्या जोडप्यांच्या बशा एका टेबलावर आल्या की यंत्र ओरडतं.

आता त्याच्या पुढची गोष्ट येऊ घातली आहे, ऑगमेंटेड रिअॅलिटी. नाव अवघड, पण तुमच्या पोरांच्या मोबाईलमध्ये ती आहेच. फोटो काढताना चेहऱ्यावर कुत्र्याचे कान बसतात ना, तीच. खऱ्या दृश्यावर यंत्र आपलं चित्र चढवतं. लॅबमध्ये कानांच्या जागी अक्षरं. खास चष्म्यात किंवा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातच बशीशेजारी जोडप्याचं नाव दिसतं, पुढची पायरी दिसते, बशी बाहेर काढून किती वेळ झाला ते दिसतं. बशी दुसऱ्याची असेल तर लाल खूण. मान वळवायला नको, हातमोजे घालून कळफलकाला हात लावायला नको. कुठली पायरी कधी झाली, त्याची नोंदही आपोआप.

आम्हाला यात आवडलं ते हे, की थकलेल्या माणसावर ओरडण्याऐवजी त्याचं ओझं कमी करायचा विचार कुणीतरी केलाय. पण हे काम अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. चष्म्याचंही वजन असतं, डोळ्यापुढे फार अक्षरं आली तर तीच आड येतात. आणि पहिल्यांदा लेबलच चुकीचं लागलं, तर यंत्र तीच चूक इमानेइतबारे दाखवत राहील. लाल खूण नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललं की आपल्या सहीसारखंच झालं.

म्हणून तुमच्यापैकी कुणी जाणार असाल तर चष्मा आहे का विचारू नका. २०२१ च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी आहे का ते विचारा. आमच्या बशीची ओळख कशी पटवता, साक्षीला कोण असतं, चिप आहे का, हेही विचारा. नवऱ्यालाही सोबत न्या, नमुना त्याचाही असतो. घरात मात्र बोल एकटीलाच लागतात, त्यावर पुन्हा कधी बोलू.

आमची सून येत्या सोमवारी परत जाणार आहे. या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच नाव, नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख सांगून टाकणार, आणि बशीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा म्हणणार, असं ठरवून बसली आहे.