मोटारीने दूरचा प्रवास व तंबूतील मुक्काम

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पूर्वी काशीयात्रेस निघणारा मनुष्य देणेघेणे चुकते करून, घरादाराची निरवानिरव करून निघत असे. कारण परतण्याची शाश्वती नसे. आज आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी स्वतःच्या मोटारीत बिऱ्हाड भरून महिना महिना हिंडून येतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि साधने सुधारली म्हणून डोंगर ठेंगणे झालेले नाहीत. सेवानिवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी आप्तांसह असे काही प्रवास केले. त्यांतील अनुभव सांगावा अशी अध्यक्षमहाराजांची आज्ञा झाली, म्हणून व्यवहारात उपयोगी पडतील अशा चार गोष्टी आपणांपुढे ठेवितो. हयात भूगोल शिकविण्यात गेल्यामुळे आकडे थोडे अधिक आल्यास आपण सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट कामाच्या वाटणीची. १ सप्टेंबर १९५५ रोजी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांतील सहा तरुण दोन लँडरोव्हर गाड्या घेऊन लंडनहून निघाले आणि ६ मार्च १९५६ रोजी जमिनीवरील मार्गाने सिंगापुरास पोहोचले. त्यांच्यात यंत्र पाहणारा एक, मार्ग व नकाशे पाहणारा एक, कोठी सांभाळणारा एक, अशी प्रत्येकाची जबाबदारी आधीच ठरलेली होती. घरगुती प्रवासालाही हाच नियम लागू आहे. आमच्यात पैशांचा हिशेब एकाच्याच हाती असे व तो रोज निजण्यापूर्वी वहीत उतरला जाई. तिसऱ्या आठवड्यापासून माणसे एकमेकांस कंटाळू लागतात. आणि भांडण होते ते मोठ्या कारणावरून नव्हे, तर सांडशी कोठे ठेवली यावरून! म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असावी आणि दर पाच-सहा दिवसांनी एक दिवस धुणे, विश्रांती व गाडीची तपासणी यांसाठी राखून ठेवावा.

दुसरी गोष्ट गाडीची. लांबच्या प्रवासास नव्या गाडीपेक्षा ओळखीची गाडी बरी. तिच्या खोडी आपणांस ठाऊक असतात. जड सामान खाली व मध्यभागी ठेवावे. टपावर केवळ हलके बांधावे, नाहीतर वळणावर गाडी कलते. जादा चाक, पंक्चर काढण्याचे साहित्य, हवा भरण्याचा पंप, ओढण्याचा दोर आणि पिण्याचे पाणी यांत काटकसर करू नये. मनाली-लेह रस्त्यावर टांडी येथील पंपापाशी, पुढील पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांना सावध करीत आली. अशा मुलखात टाकी अर्धी झाली की ती रिकामी झाली असेच समजावे. रात्री गाडी हाकू नये. सूर्यास्तापूर्वी दोन तास मुक्काम धरावा. बर्फाळ प्रदेशातील ओढे सकाळी ओलांडावेत. उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर त्यांचे पाणी चढते.

तिसरी गोष्ट मुक्कामाची. नदीचे कोरडे, वाळूचे पात्र तंबूस सपाट व सोयीचे दिसते. पण वर कोठेतरी पाऊस झाला तर मध्यरात्री लोंढा येतो आणि जागे होण्यासही अवधी मिळत नाही. वाळक्या फांद्यांखाली किंवा सुटत्या दरडीखालीही तंबू ठोकू नये. जवळ वस्ती असल्यास तेथील वडीलधाऱ्यास विचारल्यावाचून उतरू नये. विचारणाऱ्यास जागा मिळते, आणि पुष्कळदा ताकही मिळते. शौचाची जागा पाण्यापासून निदान दोनशे फूट दूर असावी. आणि भगिनींनो, ही एक गोष्ट मुलाबाळांना बजावून सांगा: थंडी कितीही असो, बंद तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी अथवा स्टोव्ह पेटता ठेवून निजू नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्यास वास नाही, रंग नाही. निजलेला मनुष्य निजलेलाच राहतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती उंचीची. उंचावर हवेचा दाब कमी होतो. चौदा हजार फुटांवर पाणी सुमारे ८६ अंशांवरच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास रटरटली तरी शिजत नाही. तेथे कुकर हवाच, किंवा मेतकूट-भात, दशम्या, भाजणीचे थालीपीठ यांवर भागवावे. डाळीची ही गत, तर श्वासावर जगणाऱ्या देहाची काय होईल? तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक चढवू नये व तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे जाणते डॉक्टर सांगतात. डोके दुखणे, अन्नावरील वासना जाणे, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच पुढे चढू नये. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता खाली उतरावे. उतरण्यासारखे दुसरे औषध नाही.

याचा प्रत्यय आम्हांस २०१८ साली आला. आम्ही दोन गाड्यांतून आठजण मनालीकडून लेहला निघालो होतो. निघण्यापूर्वी घरी एक नियम सर्वांनी मान्य केला होता, की आठांपैकी एकाने जरी उतरावे म्हटले तरी वाद न करता उतरायचे. अटल बोगदा २०२० साली खुला झाला. तेव्हा रोहतांग घाट ओलांडावा लागे. जिस्पा येथे दोन रात्री राहून आम्ही झिंगझिंगबारला, म्हणजे सुमारे ४,२०० मीटरवर आलो. तेथे आमच्या साडूंनी चहाचा पेला तसाच खाली ठेवला. विचारले तर म्हणाले, "काही नाही, चला." त्यांच्या मंडळींनी मात्र सांगितले, की पहाटेपासून त्यांचे डोके दुखत आहे व दोनदा ओकारी झाली आहे. आपल्यामुळे इतरांची यात्रा मोडू नये म्हणून ते सांगत नव्हते.

तरुणांचे म्हणणे पडले, की गोळी द्यावी आणि सरचूचा मुक्काम गाठावा. नकाशा पाहिला तर बारालाचा खिंड सुमारे ४,९०० मीटर उंच आणि तिच्या पलीकडे सरचू सुमारे ४,३०० मीटरवर. सरचूहून पुढे जावे तरी चढ आणि मागे फिरावे तरी पुन्हा तीच खिंड चढणे प्राप्त. रात्री प्रकृती बिघडली तर सरळ खाली उतरण्यास वाटच नाही! म्हणून निर्णय घ्यावयाचा तो खिंडीच्या अलीकडेच. नियमाप्रमाणे त्यांच्या मंडळींचा एक शब्द पुरे होता. गाड्या फिरविल्या. पुढील मुक्कामांचे भरलेले पैसे बुडाले, आणि दोघे तरुण केलाँगपर्यंत कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी केलाँगला साडूंनी आपण होऊन वरणभात मागितला, तेव्हा त्या दोघांनीच तो वाढला.

त्या वर्षी आम्ही लेह पाहिले नाही. २०१९ च्या जूनमध्ये श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल अशा टप्प्याटप्प्याने चढत तेच आठजण लेहला पोहोचलो. तो मार्ग मुक्कामाची उंची हळूहळू चढवितो. प्रथम जाणाऱ्याने तोच धरावा आणि वयस्करांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांस दाखवावे.

ज्ञातिबांधवहो, प्रवासाचा वेग हा गाडीचा नसतो, बरोबरच्या सर्वांत अशक्त माणसाचा असतो. जो दुखणे लपवितो तो बहुधा भिडेखातर लपवितो. म्हणून ते सांगण्याची लाज वाटणार नाही असे वातावरण ठेवणे, हे गाडी हाकणाऱ्याचे पहिले कर्तव्य. घाट उद्याही तेथेच असतो; माणसाचे तसे नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाच्या कचेरीत एक वही ठेवावी. जे कुटुंब दूरचा प्रवास करून येईल त्याने मार्ग, मुक्काम, पाणी, इंधन, खर्च आणि आलेल्या अडचणी तीत लिहाव्यात. एकाच्या अनुभवाने दहांचा प्रवास सुखरूप होईल.